टाकीतलं तेल

आमच्या घरात पांढरा टॉवेल टिकत नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि इतकी वर्षं मी एकच गोष्ट सांगत आलेय, की गॅरेजातून आलात की आधी डिझेलनं हात पुसा, मग साबणानं धुवा, आणि मगच माझ्या टॉवेलाला हात लावा. ऐकतील तर ते आमचे हे कसले. नाव घ्यायचं तर भिमाजी. तिसगावात एसटी स्टँडच्या अलीकडं, दगडाबाईच्या भज्यांच्या गाड्याला लागून पत्र्याचं गॅरेज आहे ना, ते यांचं. मी अंगणवाडीत सेविका आहे. दिवसभर तीस पोरांना हात धुवा म्हणून सांगते, ती ऐकतात. घरी आलं की हे एकतिसावं.

हे लिहायला बसलेय ते काही यांचं कौतुक करायला नाही. कौतुक करणारे पुष्कळ आहेत. पार बीड-संभाजीनगरपासून येतात, चहा पितात, भजी खातात आणि 'मिस्तरी लई भारी माणूस' म्हणून निघून जातात. त्यांना म्हणावं, महिनाभर संसार करून बघा. मला सांगायचंय ते मागच्या जानेवारीतलं. तेव्हा माझ्या तोंडातून जे जायला नको होतं ते गेलं, आणि यांनी ते सावरलं. कसं सावरलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

यांचं काम म्हणजे टू-स्ट्रोक गाड्या. जिच्या पेट्रोलात तेल मिसळावं लागतं, जी सुरू केली की गल्लीभर निळा धूर होतो आणि म्हातारी माणसं खोकत शिव्या देतात, ती गाडी. गावातल्या बाकीच्या मिस्तरींनी नवी यंत्रं आणली. गाडीला वायर जोडायची, रोग पडद्यावर दिसतो. मी म्हटलं, तुम्हीही आणा एखादं. तर म्हणाले, "मला नाक हाय, बोटं हायती. पडदा कशाला?" मग गावातली गिऱ्हाईकं कमी झाली आणि लांबची वाढली. मातीवरच्या शर्यती खेळणारी पोरं असतात, जुन्या गाड्यांची मडगार्डं वर उचलून, दातेरी टायर घालून माळावर उड्या मारणारी, ती सगळी यांच्याकडं.

त्या गाड्यांचं एक दुखणं ठरलेलं. सायलेन्सर इंजिनाला जिथं जोडलेला असतो तिथून काळं, चिकट तेल ठिबकायला लागतं. दुसरा मिस्तरी तिथलं पॅकिंग बदलतो, वरून लुगदी थापतो आणि पोराला वाटेला लावतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. आमचे हे आधी ते तेल बोटावर घेणार, चोळणार, नाकाशी नेणार. मग प्लग काढून त्याचा रंग बघणार. "पॅकिंग बिचारं काय करील? आत पेट्रोल जास्त जातंय, ते जळंना, म्हनून भायेर येतंय." मग कार्बोरेटर उघडायचा आणि जेट बदलायचा. जेट म्हणजे पितळेचा हरभऱ्याएवढा तुकडा, त्याच्या मधोमध बारीक भोक. त्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. भोक मोठं झालं की गाडी ओकते. लहान झालं की आतली आग वाढते, पिस्टन फुगून जागच्या जागी चिकटतं आणि चाक धावता धावता अडकतं. गाडी थांबते, वरचा माणूस थांबत नाही. हे मी त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलंय.

हे जेट ठेवायला त्यांनी माझा मसाल्याचा डबा नेला. सात वाट्यांचा, माझ्या आईनं दिलेला. मी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी यांनी बाजारातून नवा डबा आणला आणि गुपचूप ओट्यावर ठेवला. मी काय करणार, बोलायला लागले.

हे काम ते शिकले तेही अंगावर बेतलं म्हणून. अठराव्या वर्षी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेले होते. कोयता निसटला आणि डाव्या हाताचं एक बोट अर्धं गेलं. मोळी बांधता येईना. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीत, बसून करायचं काय, म्हणून कारखान्याच्या रस्त्यावर एक म्हातारा मिस्तरी होता त्याच्याकडं जाऊन बसायला लागले. ऊस संपला, टोळी गावाकडं परतली, हे तिथंच राहिले. साडेनऊ बोटांनी जेट शिकले. सासूबाई सांगायच्या, घरी आला तेव्हा अंगाला असा पेट्रोलचा वास, की चुलीजवळ बसू दिला नाही.

आणि हा वास म्हणजे त्यांचा निम्मा जीव. एकदा मला म्हणाले, चल, आपल्या नगरातल्याच अकोले तालुक्यात जाऊ. मी खूश झाले. म्हटलं भंडारदरा बघायला नेतायत, चांगली साडी नेसले. तिथं गेल्यावर कळलं की डोंगरात शर्यत आहे आणि टेम्पोत मागं तीन गाड्या आहेत. मी धुक्यात कुडकुडत टेम्पोत बसलेले, आणि हे बाहेर उभे राहून हवा हुंगतायत. "हितली हवा येगळी हाय. आपल्याकडचा जेट हितं चालनार न्हाई." तीनही गाड्यांचे जेट बदलले. धरण लांबून दाखवलं, येताना.

आता मुक्ताबाईचं सांगते. ती आमच्या शेजारच्या वाडीतली. नवरा दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जातो. तिचा गुडघा धरतो म्हणून ती आता जात नाही, शेळ्या सांभाळते. दोन पोरं, सहादेव आणि भागवत. पाच वर्षांपूर्वी थोरला, सहादेव, पाथर्डी रस्त्यावर गेला. भरदुपारी, सरळ रस्त्याला. त्याच्याकडं टू-स्ट्रोकच होती. मागून कुठल्या तरी ट्रकनं उडवलं. ट्रकवाला थांबला नाही, बघणारं कुणी नव्हतं. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन पडली.

त्या गाडीचं काम आठच दिवस आधी यांनी केलं होतं. हे दोनदा ठाण्यात गेले, एकदा इंजिन खोलून बघू द्या म्हणून हात जोडले. पंचनाम्याची गाडी, हात लावता येणार नाही, असं उत्तर मिळालं. पुढं गाडी सुटली ती मुक्ताबाईच्या नवऱ्यानं परस्पर नगरला भंगारात दिली. डोळ्यांसमोर नको होती त्याला, आणि मी त्याला नाव ठेवत नाही. पण आमच्या घरात ते राहून गेलं. हे जेवता जेवता थांबायचे आणि हाताकडं बघायचे. मी म्हणायची, ट्रकनं मारलं हो त्याला. तर म्हणायचे, "गाडी आदी थांबली का ट्रक आदी आला, कोन सांगनार? माज्या हातनं तर न्हाई ना झालं?" पाच वर्षं मी हे ऐकलं. शेवटी शेवटी तर मी चिडायची. भात वाढून उठून जायची.

मागच्या दिवाळीनंतर धाकट्याला, भागवतला, शर्यतीचं वेड लागलं. चोवीस वर्षांचा पोरगा, टेम्पो चालवतो, स्वभावानं गरीब. मुक्ताबाईनं महिनाभर घर डोक्यावर घेतलं. पोरगा हटेना, तेव्हा ती स्वतःच त्याला घेऊन गॅरेजात आली. मी तिथंच होते, डबा घेऊन गेले होते. ती यांना भाऊ म्हणते, हे तिला आक्का.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्याला गाडी करून द्यायची तर तुमीच द्या. दुसऱ्याच्या हातची नको. पन मला शब्द द्या. ही गाडी त्याच्या अंगाखाली थांबनार न्हाई. मला आता येकच हाय."

मला वाटलं, हे हसून टाळतील. लोखंडाचा कुणी शब्द देतं का? पण यांनी हात पुसले आणि म्हणाले, "माज्या हातनं न्हाई थांबनार, आक्का."

घरी आल्यावर मी भांडले. म्हटलं, तुम्ही काय देव लागून गेलात? पोरगा उद्या दगडावर आदळला तर ती तुमच्या दारात येऊन बसेल. हे दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गॅरेजात गेले आणि भागवतच्या गाडीचा सांगाडा सुटा करायला लागले. महिनाभर खपून गाडी केली. इतकी जपून केलेली गाडी मी त्यांच्या हातची दुसरी बघितली नाही, आणि मी पुष्कळ बघितल्यात.

शर्यत फेब्रुवारीच्या शेवटी होती. जानेवारीत भागवत दर रविवारी गावामागच्या माळावर सराव करायला लागला. पहिल्याच सोमवारी गाडी घेऊन आला. "मामा, तेल गळतंय." यांनी बोट लावलं. सायलेन्सरच्या जोडावर काळी धार, प्लग काळाकुट्ट आणि ओला. पॅकिंग बदललं, जेट एक आकडा खाली आणला, म्हणजे एक माप बारीक भोकाचा टाकला, आपल्या हातानं पेट्रोल-तेल मिसळून गाडी पळवली. कोरडी ठणठणीत.

पुढच्या सोमवारी पुन्हा काळी धार. आता यांनी इंजिन खोललं. गिअरचं तेल आतल्या सीलातून शिरतंय की काय म्हणून चांगलं सील बदलून नवं टाकलं. मग भागवतला धरलं. "तेल किती घालतोस रं?" त्यानं मापाची बाटली काढून दाखवली. "मामा, तुमी सांगितलं तेवढंच. आईची शपथ." यांना ते खरं वाटेना. "कुठनं तरी जास्त जातंय," म्हणाले, आणि त्याला चांगलं झापलं. पोरगा खाली मान घालून ऐकत राहिला. हे जेट आणखी एक आकडा खाली घेऊन गेले. इथं चालवली की गाडी ठीक, घरी नेली की आजारी. त्या दिवशी धूर हुंगून म्हणाले, "कायतरी तळल्यावानी वास येतोय." आणि दगडाबाईच्या कढईकडं बघून हसले. "दगडाबाई, तुजी भजी माज्या सायलेन्सरात शिरली."

"मग त्यालाच वाढ की पलेटभर," दगडाबाई म्हणाली. सगळे हसले. मीही हसले. अहो, कढई रोज तिथंच असते, वास कशाचा म्हणून कोण विचार करणार?

तिसऱ्या रविवारी दुपारी फोन आला. माळावर, उताराच्या पट्ट्यात, गाडी पूर्ण वेगात असताना इंजिन जाम झालं. मागचं चाक अडकलं आणि भागवत हँडलवरून पुढं फेकला गेला. गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन बरगड्यांना मार. डोक्यात हेल्मेट होतं म्हणून वाचला. हे पायात चप्पल न घालता धावले. त्याला पाथर्डीला दवाखान्यात टाकलं, डॉक्टरनं जिवाला धोका नाही म्हटल्यावर टेम्पोत घालून गाडी गॅरेजात आणली आणि तिथंच इंजिन उघडलं. मी शेजारी उभी होते. पिस्टन बाहेर आलं, दोन्ही अंगांना उभ्या ओरखड्यांनी सोललेलं. ते हातात घेऊन हे खाली जमिनीवर बसले.

"दोन आकडे खाली नेला जेट," म्हणाले. "मीच नेला. पेट्रोल कमी पडलं."

जो येईल त्याला तेच सांगायला लागले. माझी चूक, माझी चूक. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. बीडच्या दोन पोरांनी आपल्या गाड्या परत नेल्या, तर यांनीच त्या चढवायला हात लावला. मुक्ताबाई दवाखान्यात पोराजवळ होती. हे रोज जायचे, दाराबाहेर बसायचे, आत जायचे नाहीत.

मंगळवारी मी त्यांचा त्या दिवशीचा शर्ट धुवायला घेतला. बाह्या कोपरापर्यंत काळ्या. हे काळं मी अठ्ठावीस वर्षं धुतेय, त्याचा वास मला झोपेत ओळखता येईल. उकळतं पाणी ओतलं आणि वाफ नाकात आली ती वेगळीच. गाडीच्या तेलाची नाही. खाण्याच्या तेलाची. आठच दिवसांपूर्वी संक्रांत झालेली, घरात तीळ भाजून कुटून सगळं झालेलं, माझं नाक कसं चुकेल? तिळाचं तेल. जळलेलं, पण तिळाचंच.

तो ओला शर्ट तसाच पिळून मी गॅरेजात गेले. भर रस्त्यानं, थेंब गळत. म्हटलं, "हुंगा." त्यांनी हुंगला. मग गाडीची टाकी उघडली, थोडं पेट्रोल काढलं, आणि एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकला. पेट्रोल असतं तर उडून जायला हवं. उडालं, आणि मागं रुपयाएवढा तेलकट डाग राहिला. मग कार्बोरेटरमधला जेट काढून उजेडात धरला. भोकाला तपकिरी चिकट साय धरलेली, भोक निम्मं बुजलेलं.

"मी उलटं वाचलं," ते म्हणाले. "टाकीत तेल जास्त झालं म्हनून भायेर गळत हुतं. मला वाटलं पेट्रोल जास्त झालं. पेट्रोलची जागा तेलानं खाल्ली, वरनं भोक बुजलं, आन उरलंसुरलं मी कमी केलं."

त्यांनी दवाखान्यात भागवतला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की घरी गाडीला कोण हात लावतं. तो म्हणाला, कुणी नाही मामा. आई शनिवारी शिंगणापूरहून आली की हळदकुंकू लावते, तेवढंच.

मुक्ताबाई दर शनिवारी जीपनं शनिशिंगणापूरला जाते हे अख्ख्या वाडीला माहीत आहे. देवाला तिळाचं तेल वाहते. आता आमच्या दोघांच्याही लक्षात आलं, की बाटलीतलं थोडं ती घरी आणून गाडीच्या टाकीत घालत असणार. तशी काही रीत नाही. तिची तिनंच काढलेली.

यांनी जेट पुसून कागदात गुंडाळला. मग म्हणाले, "कुनाला बोलायचं न्हाई. पोरगं घरी येऊं दे. मी आक्काला हळूच सांगतो, की देवाचं तेल चेनला लाव, टाकीत नको."

"आणि तुमचं नाव गेलं ते?" मी म्हटलं.

"जाऊं दे."

जाऊ दे. हे त्यांना बरं जमतं. मला नाही जमत.

गुरुवारी दुपारी मुक्ताबाई गॅरेजात आली. दगडाबाईच्या गाड्याभोवती आठ-दहा माणसं भजी खात उभी, मी डबा द्यायला आलेली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "शब्द दिल्ता तुमी."

हे खाली बघत म्हणाले, "व्हय, आक्का. चुकलो."

"चुकलो म्हनून भागतं व्हय? पोरगं मेलं असतं माजं." लोकांचं चघळणं थांबलं. "आन सहादेवची गाडी पन तुमच्याच हातची हुती. पाच वरसं मी तोंडातनं शबुद काडला न्हाई. त्याला पन तुमीच मारलं."

यांचा चेहरा मी बघितला आणि माझं डोकं फिरलं. मी पुढं झाले. हातातला डबा तिथंच आपटला.

"आणि टाकीत तिळाचं तेल कुणी ओतलं, मुक्ताबाई?" मी म्हटलं. "यांनी? दर शनिवारी घरी येऊन कोण ओततं? त्या तेलानंच जाम झालं इंजिन. शर्टाला वास आहे, कागदावर डाग आहे, दाखवू? स्वतः पोराच्या जिवावर उठायचं आणि भर बाजारात माझ्या नवऱ्याला खुनी म्हणायचं?"

"पुष्पा," हे म्हणाले. पण तोवर माझं बोलून झालं होतं.

मुक्ताबाई माझ्याकडं बघत राहिली. मग तिथल्या जुन्या टायरवर हळूच बसली, दुखरा पाय लांब करून.

"देवाचं हुतं ते," ती म्हणाली. "वाटीभरच घालायची मी. त्याला राखावं म्हनून."

 तिचे ओठ हलत होते, मोजत असल्यासारखे. मग तिनं मान वर केली. माझ्याकडं नाही, यांच्याकडं.

"भाऊ," ती म्हणाली, "सहादेवच्या गाडीत पन मी घालत हुते."

मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. कुठं तोंड लपवू असं झालं. आणि त्याच क्षणी, कशाला खोटं बोलू, दुसरंही कळलं. पाच वर्षं आमच्या ताटाशी जो प्रश्न येऊन बसायचा, त्याचं उत्तर इथं टायरवर बसलेलं होतं. यांच्या हातानं काही झालेलं नव्हतं. यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. एवढंच करायचं होतं.

हे तिच्यासमोर उकिडवे बसले.

"त्यानं काय झालं न्हाई, आक्का," म्हणाले. "सहादेवच्या गाडीचं इंजिन मी खोललं हुतं. ठान्यातनं सुटल्यावर आदी हितंच आल्ती गाडी. दाजी तुला बोलले नसतील."

मुक्ताबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती. त्या दिवसांत ती शुद्धीवर कुठं होती, गाडी कुठून कुठं गेली हे तिला काय ठाऊक असणार.

"काय निघालं?" तिनं विचारलं.

"काय निघनार? पिस्टन साफ. येक रेघ न्हाई त्याच्यावर. आतली नळी साफ. प्लग चहाच्या रंगाचा, जसा पायजे तसा. इंजिन चालूच हुतं, आक्का. गाडी थांबली न्हाई. ट्रकनंच मारलं त्याला मागनं."

"मग ही कशी जाम झाली? ह्या तर म्हनत्यात, तेलानं."

"तिला काय कळतंय इंजिनातलं?" हे म्हणाले. माझ्याकडं न बघता, सगळ्यांच्या देखत. "बालवाडीतली पोरं सांभाळती ती. वाटीभर तेलानं नुसता धूर हुतो. ह्याचा जेट मी बारीक केल्ता. ही माजी चूक. पन आता टाकीत नको घालू, चेनला लाव. चेनला चांगलं असतं."

अठ्ठावीस वर्षांत या माणसानं चारचौघांत मला कधी खाली पाडलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला आणि गप्प उभी राहिले. दगडाबाई माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं बघितलं नाही.

"खरं सांगता ना, भाऊ?"

"इंजिनाचं कशाला खोटं सांगू?"

ती रडली नाही. खाली वाकून साडीच्या निऱ्या उगाच सारख्या केल्या, आणि हात टेकून उठायला लागली. यांनी दंडाला धरून उठवलं. रस्त्यापर्यंत गेली आणि वळून परत आली.

"म्हंजी माज्या हातनं न्हाई," म्हणाली.

"न्हाई."

"न्हाई ना?"

"न्हाई, आक्का."

ती गेली. भजी खाणारे एकेक करून पांगले. हे जेटचा डबा उघडून बसले, वाट्या उगाच मागं-पुढं करत. मी सांडलेला डबा गोळा केला, भाकरी झटकली.  बऱ्याच वेळानं मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि हळू विचारलं, "कधी खोललंत हो ते इंजिन?"

"आत्ताच," ते म्हणाले. "साफ निघालं."